तासाला १७ वेळा धप्प!

शाळा सुटल्यावर तासभर मैदानात खेळलात, तर तुम्ही किती वेळा पडता? एकदा? दोनदा? कबड्डी असेल तर चार-पाच वेळा धरू. आता घरात, शेजारी किंवा मामाकडे नुकतंच चालायला लागलेलं एखादं पिल्लू असेल, तर त्याच्याकडे बघा. ते तासाला सरासरी १७ वेळा पडतं! पडतं आणि इकडेतिकडे बघतं. आजी 'अगं बाई, लागलं का गं?' म्हणाली की भोकाड पसरतं. कुणाचं लक्षच नसेल, तर मुकाट उठतं आणि पुढे निघतं.

हा १७चा आकडा मी मनाने ठोकून दिलेला नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क विद्यापीठात कॅरन ॲडॉल्फ नावाच्या मानसशास्त्रज्ञ आहेत. बाळं चालायला कशी शिकतात, याचाच अभ्यास त्या वर्षानुवर्षं करत आल्या आहेत. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ ते १९ महिन्यांच्या बाळांना खेळण्यांच्या खोलीत मोकळं सोडलं, सगळं कॅमेऱ्यात टिपलं आणि मग बसून एकेक पाऊल मोजलं. खरंच, एकेक! २०१२ साली त्यांनी आपले निष्कर्ष छापले. बाळ तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकतं आणि ७०० मीटर अंतर कापतं. कबड्डीचं मोठं मैदान १३ मीटर लांब असतं. म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत पन्नासहून जास्त वेळा, तेही त्या इवल्याशा पायांनी. आणि मध्ये मध्ये ते १७ धप्प.

'लहान बाळाचं काय, खायचं आणि झोपायचं,' असं मोठी माणसं म्हणतात ना? माझं मत उलटं आहे. घरात सगळ्यात जास्त कष्ट कोण करतं, याची स्पर्धा लावली तर एक ते तीन वर्षांचं मूल पहिलं येईल. आईने रागावू नये, ती दुसरी येईल.

रांगणं झकास जमतंय, मग चालायचं कशाला?

हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता. विचार करा, दहा-अकरा महिन्यांचं बाळ रांगण्यात अगदी तरबेज झालेलं असतं. पलंगाखालून, टेबलाच्या पायांमधून, आजोबांच्या चपलांवरून सुसाट जातं. मग हे सगळं सोडून, दोन पायांवर लटपटत उभं राहून, सारखं आपटत चालायचं कशासाठी?

ॲडॉल्फबाईंच्या मोजणीत याचं उत्तर सापडलं. नुकतंच चालू लागलेलं बाळ पट्टीच्या रांगणाऱ्या बाळापेक्षा जास्त फिरतं आणि जास्त वेगाने फिरतं. जितकं अंतर कापतं त्या मानाने पाहिलं, तर पडण्याचं प्रमाण काही वाढलेलं नसतं. मग चालणं फायद्याचंच की!

दुसरं उत्तर मला जास्त आवडतं. याच गटाने बाळांच्या डोक्यावर छोटे कॅमेरे बसवले आणि बाळाला काय दिसतं ते पाहिलं. रांगणाऱ्या बाळाला बहुतेक वेळ फरशीच दिसत होती. चालणाऱ्या बाळाला मात्र अख्खी खोली दिसत होती, वर ठेवलेली खेळणी, आईचा चेहरा, सगळं. विश्वास बसत नसेल तर स्वतः पाच मिनिटं रांगून बघा. मान वर करून करून दुखायला लागेल.

आता एक गंमत. एका प्रयोगात रांगणाऱ्या बाळांना उताराच्या फळीवर सोडलं. (पकडायला माणूस शेजारी उभा होता, घाबरू नका.) नवशिकी बाळं कितीही तीव्र उतार असला तरी बेधडक खाली निघायची. काही आठवडे रांगण्याचा सराव झाला की शहाणी व्हायची. उतार फार असेल तर काठावर थांबायची, हाताने चाचपून बघायची. इथपर्यंत ठीक. पण हीच शहाणी बाळं चालायला लागली आणि पुन्हा बेधडक! तोच उतार, तेच बाळ, पण उभं राहिल्यावर सगळं शहाणपण पहिल्यापासून शिकायचं. पायांना काय झेपतं हे गुडघ्यांना ठाऊक असून उपयोग नसतो. म्हणून चालू लागलेल्या बाळाला जिन्याजवळ एकटं सोडायचं नाही. 'काल तर बरोबर थांबला होता' हे काल तो रांगत होता म्हणून.

बरं, चालायचं कधी? हा प्रश्न म्हणजे सोसायटीतल्या गप्पांचा हक्काचा विषय. 'आमची दहाव्या महिन्यात चालायला लागली, तुमचा अजून नाही?' असं कुणी म्हणालं की बाळाच्या आईचा चेहरा बघा. तुम्ही मध्ये पडून सांगू शकाल असं एक उत्तर माझ्याकडे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि आपला भारत अशा पाच देशांतल्या निरोगी बाळांच्या नोंदी ठेवल्या. भारतातली बाळं दिल्लीची होती. २००६ साली हे काम प्रसिद्ध झालं. त्यात दिसलं की कुणी आठव्या महिन्यात एकटं चालतं, तर कुणी साडेसतरा महिन्यांचं झाल्यावर. दोघंही अगदी ठणठणीत! आधाराशिवाय बसणंही तसंच, चार ते नऊ महिन्यांत कधीही. आणि शंभरातली चार बाळं तर हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. कुणी बसल्या बसल्या सरकतं, कुणी पोटावर फरपटतं, कुणी थेट उभंच राहतं.

जगात सगळीकडे एकच वेळापत्रक चालत नाही, हेही खरं. दक्षिण अमेरिकेतल्या पॅराग्वे देशात आचे नावाचे आदिवासी जंगलात राहत. साप, किडे, काटे यांच्यामुळे आया मुलांना खाली सोडतच नसत. ती मुलं जवळजवळ दोन वर्षांची होईपर्यंत चालत नसत. मग काय, मागे पडली? छे! थोडी मोठी झाली की उंचच उंच झाडांवर चढत. आपल्यातल्या किती जणांना ते जमेल?

मग आईबाबांनी करायचं काय? खरं सांगू, फार काही नाही. स्वच्छ, मोकळी जमीन द्यायची. घरात अनवाणी चालू द्यायचं, कारण पायाच्या बोटांना जमीन धरायची असते. आणि चाकांचा वॉकर आणायचा नाही. तो गोल, मध्ये बाळाला बसवायचं, गाणी वाजतात तो. त्यात बाळाला आपले पायच दिसत नाहीत, तोल सांभाळायची गरज पडत नाही, आणि बाळ चटकन चालायला शिकतं हेही खरं नाही. उलट ते भलत्या वेगाने जिन्यावर नाहीतर गॅसजवळ पोचतं. कॅनडाने २००४ साली अशा वॉकरवर बंदीच घातली. आपला जुना लाकडी पांगुळगाडा वेगळा. त्यात बाळ बसत नाही, मागे उभं राहून दांडी धरून ढकलतं. वजन स्वतःचं, तोल स्वतःचा, गाडा नुसता सोबतीला. माळ्यावर पडलेला असेल तर खाली काढा आणि चाकं तपासून घ्या.

ताक आणि टाक

आता कानाकडे येऊ. तुम्हाला कुणी म्हणालं, 'ताक टाक', तर तुम्ही गोंधळाल का? नाही. त वेगळा, ट वेगळा. पण फक्त इंग्रजी बोलत मोठ्या झालेल्या माणसाला विचारा. त्याला दोन्ही जवळजवळ सारखेच ऐकू येतात. त्याचे कान खराब नाहीत, त्यांना ती सवयच नाही.

कॅनडातल्या जेनेट वर्कर यांनी याच त आणि टवर बाळांची परीक्षा घेतली. हिंदीतले त-ट त्यांनी इंग्रजी घरातल्या बाळांना ऐकवले. आता बाळ सांगणार कसं की मला फरक कळला? युक्ती बघा. आवाज बदलला की बाजूच्या पेटीतलं खेळणं उजळून हलायला लागायचं. बाळाला हे कळलं की आवाज बदलताक्षणी ते मान वळवून पेटीकडे बघायचं. ज्याला फरकच ऐकू येत नाही, ते कशाला बघेल?

सहा ते आठ महिन्यांची इंग्रजी बाळं पटापट मान वळवत होती. त्यांच्या आईबाबांना जे जमत नव्हतं, ते त्यांना जमत होतं! पण दहा-बारा महिन्यांची होईपर्यंत ही करामत ओसरली. १९८४ साली हे प्रसिद्ध झालं. म्हणजे बाळ येतं तेव्हा जगातल्या कुठल्याही भाषेसाठी तयार होऊन येतं, आणि वर्षभरात घरात जी भाषा कानावर पडते तिच्यावर लक्ष एकवटतं. लंडनला नाहीतर न्यू जर्सीला राहणाऱ्या मावशीने बाळाशी मराठी बोलायचं ठरवलं असेल, तर पहिल्या दिवसापासून बोलावं, ते यासाठी.

'मग टीव्हीवर मराठी गाणी लावून ठेवू,' असं मावशी म्हणेल. थांब म्हणावं. अमेरिकेत सिॲटलला पॅट्रिशिया कुल यांनी नेमकं हेच तपासलं. इंग्रजी घरातल्या नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषेचे १२ तास मिळाले. प्रत्येक तास २५ मिनिटांचा, शाळेतल्या तासाहून लहान. काही बाळांसमोर चिनी बोलणारी माणसं प्रत्यक्ष बसायची, पुस्तकं दाखवायची, खेळायची. काहींना त्याच माणसांचं तेच बोलणं पडद्यावर दाखवलं. काहींना नुसतं ऐकवलं. शेवटी परीक्षा घेतली. प्रत्यक्ष माणसांशी खेळलेली बाळं चिनी उच्चारांतला फरक झक्क ओळखू लागली होती. पडद्यावाली? शून्य. जणू चिनी कधी ऐकलंच नव्हतं. तीच माणसं, तेच शब्द!

या लेखातला कुठला प्रयोग लक्षात ठेवायचा असं कुणी विचारलं, तर मी हा सांगेन. पडद्यावरचा माणूस बाळाकडे बघत नाही. बाळाने बोट दाखवलं तर तिकडे वळत नाही, बाळ हसलं तर हसत नाही. बाळाला उत्तर देणारं माणूस लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलं आहे की एक वर्षाच्या मुलाला पडदा मुळीच नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासापेक्षा जास्त नको. जेवताना मोबाइल दाखवून घास भरवणाऱ्या काकूला हे सांगायची जबाबदारी तुमची. जरा लांब उभं राहून सांगा.

उत्तर द्यायचं म्हणजे नक्की काय? अगदी साधं आहे. वर्षाच्या आसपासचं बाळ बोट दाखवायला लागतं. त्याने कावळ्याकडे बोट करून 'आ!' केलं, की आपण म्हणायचं, 'हो रे, कावळा! कसा काव काव करतोय बघ.' झालं. एका 'आ'च्या बदल्यात त्याला सात-आठ शब्द मिळाले, तेही त्याला हव्या असलेल्या गोष्टीबद्दल, नेमक्या वेळी. दिवसभरात असं किती वेळा होतं ते तुम्हीच मोजा.

अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत डेब रॉय नावाचे शास्त्रज्ञ होते. मुलगा झाला तेव्हा त्यांनी आपल्या घराच्या छतात ११ कॅमेरे आणि १४ मायक्रोफोन बसवले आणि तीन वर्षं घर ध्वनिचित्रित केलं. सुमारे ९०,००० तासांचं चित्रण! त्यातून त्यांनी एक तुकडा जोडून लोकांना ऐकवला. पाण्याला 'गागा' म्हणणारा मुलगा साधारण सहा महिन्यांत हळूहळू 'वॉटर' म्हणू लागतो. 'गागा' थोडं बदलतं, मध्येच पुन्हा 'गागा' होतं, आणि एक दिवस नीट शब्द येतो. पण त्यांना आणखीही काहीतरी दिसलं. मूल एखादा शब्द बोलायच्या बेतात आलं की घरातली मोठी माणसं त्या शब्दाची वाक्यं आपोआप लहान करत. शब्द जमला की पुन्हा लांब. कुणी ठरवून करत नव्हतं! तुमची आजीही हेच करते. कुठल्या विद्यापीठात शिकली ती?

बहुतेक मुलं पहिल्या वाढदिवसाच्या आगेमागे पहिला खरा शब्द बोलतात. दोन वर्षांची होता होता दोन शब्द जोडतात: 'बाबा गेले', 'अजून दूध', आणि घराघरांत लोकप्रिय असलेलं 'मला नको'. मधल्या काळात बोबडं बोलतात. तुम्ही त्यांच्या बोबड्या शब्दांना हसू नका, आणि चूक काढून पाचदा वदवूनही घेऊ नका. बाळ 'तातर' म्हणालं तर आपण 'साखर हवी? घे, थोडीशी साखर' म्हणून मोकळं व्हायचं.

छोट्या गाडीत बसायचंय!

अमेरिकेत ज्युडी डिलोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीड ते अडीच वर्षांच्या मुलांना एक खोली दिली. त्यात बसून पायाने ढकलायची गाडी, छोटी घसरगुंडी, मुलांची खुर्ची. मुलं मनसोक्त खेळली. मग त्यांना बाहेर नेलं आणि तेवढ्यात या वस्तू काढून त्यांच्या जागी अगदी तशाच दिसणाऱ्या, पण तळहातावर मावतील एवढ्या वस्तू ठेवल्या. मुलं परत आली. आणि जवळजवळ निम्मी मुलं फसली! काही त्या इटुकल्या गाडीचं दार उघडून पाय आत घालायला लागली. काहींनी इवल्या घसरगुंडीवरून घसरायचा प्रयत्न केला. थट्टा नाही, अगदी गंभीरपणे. २००४ साली हा प्रयोग छापून आला. मेंदूतला एक भाग म्हणतो 'ही गाडी, हिच्यात बसतात', दुसरा भाग म्हणतो 'पण ही केवढीशी आहे', आणि या वयात दोघांची गाठ वेळेवर पडत नाही. थोडं मोठं झालं की ही चूक आपोआप थांबते. बाळाने बाहुलीचा बूट पायात कोंबायचा हट्ट धरला, तर वेडं ठरवू नका.

याच सुमाराला एक मोठी उडी होते. समोरच्या माणसाला आपल्यापेक्षा वेगळं काहीतरी आवडू शकतं, हे बाळाला कळायला लागतं. कॅलिफोर्नियातल्या बर्कले इथे बेटी रेपाकोली आणि ॲलिसन गॉपनिक यांनी बाळांपुढे दोन वाट्या ठेवल्या, एकीत कच्ची ब्रोकोली, दुसरीत माशाच्या आकाराची खारी बिस्किटं. बाळांना काय आवडलं, सांगायला नको. मग प्रयोग करणाऱ्या ताईने ब्रोकोली खाऊन 'अहाहा!' केलं आणि बिस्किट खाऊन 'ईऽऽ' केलं, आणि हात पुढे केला: मला थोडं दे. चौदा महिन्यांच्या बाळांनी बिस्किट दिलं, कारण बिस्किटच चांगलं, हे कसं विचारता! अठरा महिन्यांच्या बाळांनी मात्र ब्रोकोली दिली. नाक मुरडलं असेल कदाचित, पण दिली. चार महिन्यांत केवढा फरक! हा प्रयोग कारलं आणि शेवेने घरी करता येईल. शेव मात्र बारीक आणि मऊ घ्या. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं लहान बाळाला द्यायची नाहीत, घशात अडकतात. तुमच्या गोट्या आणि खेळण्यांतल्या बटणासारख्या चपट्या बॅटऱ्याही उंचावर ठेवा. त्या बॅटऱ्या गिळल्या तर अन्ननलिकेला फार वाईट इजा करतात, लगेच दवाखाना गाठावा लागतो.

आणि आरसा? बाळाच्या नाकाला त्याच्या नकळत कुंकवाचा ठिपका लावा आणि आरशासमोर उभं करा. वर्षाचं बाळ आरशातल्या बाळाशी खेळेल, पापा घेईल. दोन वर्षांच्या आसपासची बहुतेक मुलं हात स्वतःच्या नाकाला लावतात. 'हा मीच की!' १९७२ सालापासून हा प्रयोग बाळांवर होत आला आहे. त्याआधी दोन वर्षं तो चिंपांझींवर झाला होता, आणि तेही पास झाले होते.

लुडबूड की मदत?

जर्मनीत लाइपझिग शहरात फेलिक्स वार्नेकेन आणि मायकल टोमासेलो यांनी दीड वर्षांच्या मुलांसमोर थोडं नाटक केलं. एक अनोळखी काका कपडे वाळत घालताना चिमटा पाडतो आणि हात पुरत नाही असं दाखवतो. हातात मासिकांचा गठ्ठा घेऊन बंद कपाटावर धडकतो. कुणी 'मदत कर' म्हणत नाही. तरी २४पैकी २२ मुलांनी एकदा तरी मदत केली. चिमटा उचलून दिला, कपाटाचं दार उघडलं. काकांनी चिमटा मुद्दाम फेकला असेल, तर मात्र मुलं उचलायला जात नव्हती. त्यांना 'पडला' आणि 'टाकला' यातला फरक समजत होता. पुढे त्याच दोघांनी आणखी एक तपासलं. मदतीबद्दल दर वेळी खेळणं बक्षीस दिलेली मुलं नंतर कमी मदत करायला लागली. नुसतं मदत करू दिलेली मुलं करतच राहिली.

आता आपल्या घरात काय होतं? बाळ केरसुणी ओढतं, कणकेच्या परातीत हात घालतं, घडी घातलेले कपडे 'घडी' घालून विस्कटतं. आपण म्हणतो, 'लुडबूड करू नकोस, बस तिकडे.' मला वाटतं आपण फार मोठी चूक करतो. त्याला कणकेचा गोळा द्यावा, दोन मोजे जुळवायला द्यावेत, मटार निवडताना शेजारी बसवावं. (दाणे तोंडात जात नाहीत ना, यावर नजर ठेवून.) काम दुप्पट वेळ घेईल. घेऊ दे.

आकांडतांडवाबद्दलही सांगायला हवं. निळा पेला हवा होता, लाल दिला, म्हणून जमिनीवर गडाबडा लोळण. दोन वर्षांच्या मुलाला हवं ते भरपूर असतं, सांगायला शब्द थोडे असतात. आणि रागाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग तर पंचविशीपर्यंत घडत असतो. तुमचाही अजून घडतोय, म्हणून तर रिमोटवरून भांडता. अशा वेळी मोठ्यांनी ओरडून उपयोग नाही, मोबाइल हातात देऊनही नाही. जवळ बसायचं, लागणार नाही एवढं बघायचं, आणि वादळ ओसरलं की सांगायचं, 'तुला राग आला, निळा पेला हवा होता ना.' पुढच्या वेळी लोळण्याऐवजी तो शब्द येण्याची शक्यता असते. लगेच येईल असं वचन मी देत नाही. पुरेशी झोपही बघायची, एक-दोन वर्षांच्या मुलाला दुपारची धरून दिवसाला ११ ते १४ तास लागते.

वर मी म्हणालो की प्रत्येक बाळाची वेळ वेगळी. पण 'होईल आपोआप' म्हणून किती थांबायचं, यालाही मर्यादा आहे. दीड वर्षाचं होऊनही चालत नाही, दीड वर्षापर्यंत एकही शब्द नाही किंवा बोट दाखवत नाही, हाक मारली तरी वळत नाही, दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडत नाही, किंवा येत असलेली गोष्ट विसरलं, तर आईबाबांनी डॉक्टरांना दाखवावं. कधी कधी कारण साधं असतं, बाळाला नीट ऐकूच येत नसतं, आणि लवकर कळलं तर उपायही होतो. बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल, तर ते दिवस डॉक्टर हिशोबात धरतात.

यासाठी मोठ्या शहरातच जावं लागतं असं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलांना तपासतं. हा कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला, तो आपल्या पालघरमध्ये. आणि पालघरची आणखी एक गोष्ट: ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी याच भागात, आधी बोर्डीला आणि मग कोसबाडला, आदिवासी मुलांसाठी काम केलं. मुलं बालवाडीत येत नाहीत असं दिसल्यावर त्यांनी बालवाडीच पाड्यावर, मुलांच्या अंगणात नेली. देशभरातली सरकारी अंगणवाडी योजना १९७५ साली आली, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. तुमच्या अंगणवाडीताईंकडे माता-बाल संरक्षण कार्ड असतं. त्यात कुठल्या वयात बाळ काय करतं याची चित्रं असतात. मागून बघा. तुमचं स्वतःचं जुनं कार्डही कदाचित आईच्या कपाटात सापडेल.

शेवटी एक काम देतो. चार्ल्स डार्विनचं नाव ऐकलंय ना? त्याचा मोठा मुलगा विल्यम १८३९ साली जन्मला, तेव्हा डार्विन वही घेऊन बसला. बाळ कधी हसलं, कशाला घाबरलं, कधी रागावलं, सगळं लिहून ठेवलं. एक वर्षाचा विल्यम खाऊला 'मम्' म्हणायचा, हेही त्यात आहे. त्या नोंदींवरून त्याने १८७७ साली लेख लिहिला. आणि बाळांच्या विचारांचा सगळ्यात प्रसिद्ध अभ्यास करणारा स्वित्झर्लंडचा जाँ पियाजे? त्याचं पहिलं टिपण छापून आलं तेव्हा तो दहा-अकरा वर्षांचा होता, आणि ते एका पांढऱ्या चिमणीबद्दल होतं. पुढे त्याने आपल्याच तीन मुलांकडे बघून पुस्तकं लिहिली.

तेव्हा एक जुनी वही घ्या आणि रोज दहा मिनिटं घरातल्या नाहीतर शेजारच्या बाळाकडे नुसतं बघा, अर्थात त्याच्या आईला विचारून. किती वेळा पडलं, कशाकडे बोट दाखवलं, कुठला नवा शब्द बोललं, ते जसं दिसलं तसं लिहा. बाळाचं त्या दिवशीचं वय महिन्यांत लिहायला विसरू नका, नाहीतर वर्षभराने त्या नोंदींचा अर्थ तुम्हालाच लागणार नाही.